लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : पायी चालत आलेला मुंबईकर



विहाराच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून द्या, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले तेव्हा मी अण्णाभाऊ साठ्यांचे नाव घेतले. त्यावर एकाने विचारलेच, की ते तर मातंग समाजाचे, शिवाय कम्युनिस्ट, आपल्या बौद्धांच्या पुस्तकात ते कसे? मी त्याला म्हटले, बाबा रे, तुझा मोठा भाऊ कुठे आहे? तर तो सुरतेला. मुक्ताईनगरात आपल्या गल्लीतले असे एक घर दाखवा की ज्याचे कोणी सुरत, पुणे, कल्याण नाहीतर मुंबईला गेलेले नाही. भुसावळहून गाडीत बसायचे आणि जायचे, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तिथे उतरल्यावर माणूस कसा तगतो, हे कुणी लिहिले? अण्णाभाऊंनी लिहिले, आणि आधी स्वतः भोगून मग लिहिले. म्हणून हे चरित्र.

त्यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव, तालुका वाळवा येथे झाला. आता हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा सातारा जिल्हा होता. पाळण्यातले नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. मातंग समाज इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेला, हजेरीचा जाच मागे लागलेला. शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. मास्तरांचा मार बसला आणि पाटी सुटली ती सुटलीच. आपल्या कितीतरी आजोबा-पणजोबांची शाळा अशीच संपली, त्यात नवल काही नाही. नवल पुढे आहे.

1931 च्या सुमारास दुष्काळाने घर मोडले. भाऊराव बायकापोरांना घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसा नाही म्हणून पायी! दहा-अकरा वर्षांचा पोरगा शेकडो मैल चालला. वाटेत मिळेल ते काम करायचे, दोन पैसे हाती आले की पुढची मजल. आपण भुसावळच्या फलाटावर गाडी उशिरा आली तर कुरकुर करतो!

मुंबईत भायखळ्याच्या चांदबिबी चाळीत कुटुंब टेकले. इथून अण्णाभाऊंची खरी शाळा सुरू झाली. हमाली केली, बुटांना पॉलिश केले, कोळसे वेचले, घरगडी झाले, फेरीवाल्याचा माल वाहिला, सिनेमाच्या दारावर उभे राहिले, पुढे मोरबाग गिरणीत कामाला लागले. नव्या माणसाला शहर एकच काम धरू देत नाही. आज जे आहे ते उद्या जाते, म्हणून हात सगळ्याला तयार ठेवावा लागतो. जो म्हणतो मला हेच काम येते, तो चार महिन्यांत गावी परत येतो. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. 1988 साली मी सुरतला एका कापड मिलमध्ये लागलो. ज्या नातेवाइकाचा पत्ता खिशात होता तो खोली सोडून गेलेला. दोन रात्री स्टेशनवर काढल्या. तिसऱ्या दिवशी बोलीवरून ओळखून एका रावेरकडच्या माणसाने विचारले, कोठला रे तू? त्याच्या खोलीत आम्ही बाराजण, सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे. एकाने उठायचे आणि दुसऱ्याने त्याच अंथरुणावर पडायचे. गोधडी कधी गार होत नसे. 1994 ला प्लेगची बातमी उठली तशी निम्मी सुरत गाडीला लटकून पळाली, त्यात मीही गावी आलो आणि इकडे सूतगिरणीत लागलो.

असो. सांगायचे ते अण्णाभाऊंचे.

शहरात अक्षर न येणारा माणूस आंधळ्यासारखा असतो. ट्रामचा नंबर कळत नाही, पगाराच्या कागदावर काय लिहिले ते कळत नाही, मुकादम सांगेल तिथे अंगठा. अण्णाभाऊंनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून अक्षरे जुळवायला सुरुवात केली. सिनेमाचा त्यांना भारी नाद. कोणते चित्र कोणत्या नावाचे हे आधी ठाऊक, मग त्यावरून अक्षर ओळखायचे. म्हणजे शहराच्या भिंती हीच त्यांची पाटी झाली.

आता एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. अण्णाभाऊंवरच्या भाषणांत हमखास सांगतात, की ते स्वतःच्या बळावर एकटे मोठे झाले. हे अर्धे खरे आहे. पाट्या वाचायला ते एकटे शिकले, पण पुढचे सगळे त्यांना माटुंग्याच्या लेबर कॅम्पने दिले. धारावीला लागून असलेली ही कामगारांची वस्ती. चिखल, गटारे, डास आणि आपल्या दलित जातींतली गावोगावची माणसे. तिथे कम्युनिस्ट पक्षाचे काम होते. कॉ. आर. बी. मोरे यांच्यासारखी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या तयारीत राबलेली आणि नंतर लाल बावटा धरलेली माणसे त्या कामात होती. वाचायला पुस्तके मिळाली, रात्री चर्चा ऐकायला मिळाली, पथनाट्य बसवायला जोडीदार मिळाले. अण्णाभाऊंनी सुरुवातीला जे गाणे रचले ते काही देवाचे, राजाचे नव्हते. ते लेबर कॅम्पातल्या डासांवर होते! ऐकणारे तिथेच बसलेले, सगळ्यांना तेच डास चावलेले. असा ऐकणारा मिळाला म्हणून शाहीर झाला.

मधल्या काळात मुंबईतून उठून ते वाटेगावला गेले. तिथे नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात राहिले. ढोलकी, लावणी, बतावणी, वग हे सगळे अंगात मुरले. काही लोक शहरात गेले की गावची बोली, गावचे गाणे लाजेने टाकून देतात. अण्णाभाऊ परत मुंबईला आले ते हे गाठोडे सोबत घेऊन, आणि त्याच गाठोड्यावर ते पुढे जगले. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या साथीने लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेख बार्शीकडचे मुसलमान, अण्णाभाऊ वारणाकाठचे मातंग. गावात असते तर दोघांची गाठ कशाला पडली असती? ती मुंबईने घालून दिली, हेही शहराच्या नावे जमा धरले पाहिजे. गिरणगावातली चाळ, मैदान, गेटसभा, जिथे कामगार तिथे हे पथक. अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, शेटजींचे इलेक्शन अशी त्यांची नाटके गाजली. मोरारजी देसाईंच्या काळात सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच कलेला लोकनाट्याचे रूप देऊन लोकांपुढे उभे केले. स्टालिनग्राडवरचा त्यांचा पोवाडा तर पार रशियापर्यंत नाव घेऊन गेला.

त्यांची दोन गाणी या विषयाची आहेत. मुंबईची लावणी, तिच्यात माडीवरची मुंबई आणि फुटपाथवरची मुंबई शेजारी शेजारी दाखवली आहे. आणि दुसरी छक्कड, माझी मैना गावावर राहिली. नवरा पोटासाठी मुंबईला, बायको गावी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड घरोघर गेली, कारण महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव-कारवारचा मुलूख त्यांनी त्या मागे राहिलेल्या बायकोच्या जागी ठेवला. सभेत ऐकणाऱ्या हजारो कामगारांची बायको खरोखरच गावी होती. राजकारण त्यांना असे घरातून समजले. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला त्यात या गाण्याचा वाटा आहे असे मी मानतो.

पण शहर माणसाला काय करते, हे समजायला त्यांची स्मशानातील सोनं ही कथा वाचावी. वारणेकाठचा भीमा, अंगाने पहिलवान, मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडायचे काम करतो. एक दिवस खाण बंद पडते. घरी बायको, लेक. एके दिवशी त्याला मसणवटीतल्या राखेत सोने सापडते आणि तोच त्याचा धंदा होऊन बसतो. राख चाळायची, मग मढी उकरायची. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेत उकरतो, सोन्यासाठी तोंडात बोटे घालतो आणि बोटे जबड्यात अडकून जातात. दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच वेळी खबर येते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार. ज्या हाताने दगड फोडायचा तो हात गेलेला! ही गोष्ट मी प्रथम रातपाळीच्या सुट्टीत वाचली, पुढे दोन दिवस जेवण गोड लागले नाही. भीमा आळशी नाही, चोर नाही. काम बंद पडल्यावर शहराने त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

अण्णाभाऊंचे स्वतःचे बिऱ्हाड वर्षानुवर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. पत्नी जयवंताबाई, मुले आणि कागद. तिथल्या माणसांवर त्यांनी चिरागनगरची भुतं हा कथासंग्रह लिहिला. तीसाच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या काहींवर सिनेमे निघाले. 1959 ची फकिरा कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ज्या पोराने त्या पोस्टरांवरून अक्षर शोधले, त्याच्या कथेची पोस्टरे मुंबईच्या भिंतींवर लागली! 2 मार्च 1958 ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्या दलितांच्या हातावर आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला. बाबासाहेब जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नाही, शेवटपर्यंत ते लाल झेंड्याचेच माणूस राहिले. पण बाबासाहेबांवर त्यांनी गीत रचले ते आजही आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजते, आणि वाजवणाऱ्या पोरांना ते कुणाचे आहे हे बरेचदा ठाऊक नसते.

1961 साली ते रशियाला गेले. पायी मुंबईला आलेला माणूस विमानातून मॉस्कोला गेला आणि परत आल्यावर पुन्हा चिरागनगरच्या झोपडीतच आला. त्या प्रवासाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. सिनेमांनी, पुस्तकांनी दुसऱ्यांची घरे भरली असतील, त्यांचे भरले नाही. शेवटच्या दिवसांत गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर मिळाले. प्रकृती खालावलेली, हाताशी पैसा नाही. 18 जुलै 1969 रोजी ते गेले, वय पुरते 49 देखील नव्हते. त्यांचे सोबती अमर शेख त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

2002 साली भारत सरकारने अण्णाभाऊंचे चार रुपयांचे पोस्टाचे तिकीट काढले. 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. आपल्या विहाराच्या कपाटात मात्र त्यांचे एकही पुस्तक नव्हते. फकिरा आणि चिरागनगरची भुतं ही दोन मी या वर्धापनदिनी आणून ठेवली आहेत. सुरतेला जाणाऱ्या पोरांनी गाडीत वाचायला न्यावीत, वहीत नाव लिहून. दिवाळीला गावी याल तेव्हा परत ठेवा.