ज्याच्या सनाला शून्य नव्हते
डायोनिशियस एक्झिगुअस हा काळ्या समुद्राकाठच्या सिथिया प्रांतात जन्मलेला, रोममध्ये राहिलेला संन्यासी. ‘एक्झिगुअस’ म्हणजे लहानगा. हे विशेषण त्याने विनयाने धारण केले होते. इ.स. ५२५ मध्ये ईस्टरची कोष्टके रचताना, ख्रिस्ती जनांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशियन सम्राटाच्या नावे वर्षे मोजणे त्याला रुचेना. त्याने ख्रिस्तजन्मापासून गणना धरली. रोमन अंकांत शून्य नसल्याने तिचा आरंभ १ पासून झाला. साहजिकच शंभरावे वर्ष सरल्यावरच शतक पुरे होते. विसावे शतक ३१ डिसेंबर २००० रोजी संपले. जगाने सोहळा वर्षभर आधीच उरकला, ही गोष्ट निराळी! पोर्तुगालने ही गणना १४२२ मध्ये स्वीकारली आणि पुढे पोर्तुगीज अमलाबरोबर ती गोव्याच्या दप्तरांत आली.