गोलरक्षक शंकर लक्ष्मण

शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळताना तुम्ही दोन विटा किंवा दोन दप्तरे ठेवून गोल तयार करता. मग वाद सुरू होतो. गोलात कोण उभे राहणार? प्रत्येकाला पुढे धावून गोल करायचा असतो. शेवटी जो लहान असेल किंवा ज्याला फारसे पळता येत नसेल, त्याला गोलात उभे केले जाते. त्याने दहा चेंडू अडवले तरी कोणी शाबासकी देत नाही. अकरावा चेंडू आत गेला, की सगळे त्याच्यावर ओरडतात.

या पाठात तुम्ही अशाच एका गोलरक्षकाची ओळख करून घेणार आहात. त्यांचे नाव शंकर लक्ष्मण. त्यांनी खेळाची सुरुवात फुटबॉलने केली आणि नाव मिळवले हॉकीत. तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते भारताच्या गोलासमोर उभे राहिले. त्यांतल्या दोन स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. महू आपल्या खानदेशापासून फार दूर नाही. धुळ्याहून आग्रा रोडने निघालात, की शिरपूर मागे पडते. मग बिजासनचा घाट चढून सेंधवा येते. पुढे खलघाटला नर्मदा नदी ओलांडायची आणि मानपूरचा चढ चढायचा. तेथून महू जवळच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्मही याच गावी १८९१ साली झाला. म्हणून २००३ मध्ये गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव देण्यात आले. इंग्रजांच्या काळापासून महू ही मोठी लष्करी छावणी आहे. छावणी म्हटली की मैदाने आली आणि मैदाने म्हटली की खेळ आलेच. संध्याकाळी फौजेतील जवान फुटबॉल, हॉकी खेळत आणि आसपासच्या गावांतील मुले कडेला उभी राहून पाहत.

महूजवळच कोदरिया नावाचे गाव आहे. तेथील फुटबॉल संघात शंकर खेळू लागले आणि पुढे त्या संघाचे कप्तानही झाले. शाळा मात्र लवकर सुटली. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते सैन्यात भरती झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. एवढ्या लहान मुलाच्या हाती कोणी बंदूक देत नाही. त्यांना पलटणीच्या बँडमध्ये घेण्यात आले. ती पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती. या रेजिमेंटचे मुख्य केंद्र बेळगाव येथे आहे आणि शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करत तिचे जवान शत्रूवर चालून जातात. महूचा हा मुलगा पुढची बत्तीस वर्षे या मराठी पलटणीत राहिला.

फौजेत त्यांच्या हाती हॉकीची स्टिक आली आणि गोलात उभे राहण्याचे काम आले. हे काम काय असते, ते जरा समजून घ्या. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. हॉकीचा गोल लहान, १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. गोल लहान म्हणून काम सोपे, असे तुम्हांला वाटेल. पण हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच कठीण आणि साधारण तितक्याच वजनाचा, म्हणजे सुमारे १६० ग्रॅमचा असतो. चौदा-पंधरा मीटरवरून एखादा धिप्पाड खेळाडू तो पूर्ण ताकदीने मारतो. आज हॉकीचा गोलरक्षक डोक्यावर शिरस्त्राण घालतो. तोंडापुढे जाळी असते, छातीवर जाड कवच असते, पायांवर फोमचे रुंद पॅड असतात. शंकर लक्ष्मण यांच्या काळी शिरस्त्राण नव्हते आणि छातीचे कवचही नव्हते. क्रिकेटच्या फलंदाजासारखे पायांचे पॅड, जाड बूट आणि हातमोजे, एवढ्यावरच सगळे भागवावे लागे. चेहरा उघडाच असे. ज्या चेंडूपासून माणूस आपोआप तोंड फिरवतो, त्या चेंडूकडे डोळे उघडे ठेवून पाहायचे, हेच त्यांचे काम होते.

हॉकीत बाकीच्या दहा खेळाडूंना चेंडू पायाने खेळण्यास मनाई असते. गोलरक्षकाला मात्र आपल्या वर्तुळात ती मुभा असते. अडवलेला चेंडू तो लाथेने दूर ढकलू शकतो. कोदरियाच्या मैदानावर फुटबॉलमुळे पायांना जी सवय लागली होती, ती येथे किती कामी आली असेल, याचा तुम्हीच विचार करा.

सेनादलाच्या संघातून खेळताना त्यांच्याकडे निवड समितीचे लक्ष गेले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. भारत १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीत एकदाही हरला नव्हता. पाच ऑलिंपिक स्पर्धांतील पाच सुवर्णपदके देशाजवळ होती. मेलबर्नलाही सुरुवात तशीच झाली. भारताने अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल केले. आपल्यावर एकही गोल झाला नाही. अशा सामन्यात गोलरक्षकाला काय काम? पण उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध भारताला एकच गोल करता आला. अंतिम सामना पाकिस्तानशी होता आणि त्यातही एकच गोल झाला. पेनल्टी कॉर्नरवर रणधीरसिंग जेंटल यांनी तो केला. कप्तान बलबीरसिंग हाताचे बोट मोडलेले असताना खेळत होते. एक गोलाची आघाडी घेऊन जिंकायचे, तर मागचा दरवाजा शेवटपर्यंत बंद राहिला पाहिजे. तो बंद राहिला. भारताने त्या स्पर्धेत ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. भारताच्या चमूत रंगनाथन फ्रान्सिस हे दुसरे अनुभवी गोलरक्षक होते. अंतिम सामन्यात गोलात शंकर लक्ष्मण होते.

त्याच मेलबर्नला भारताचा फुटबॉल संघ चौथा आला होता, हेही लक्षात ठेवा. फुटबॉलचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाने जिंकले. त्यांच्या गोलात लेव्ह याशिन होते. फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत मोठे गोलरक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दोन खेळांतील दोन मोठे गोलरक्षक त्या वर्षी एकाच स्पर्धेसाठी एकाच शहरात होते!

आता भारत आणि पाकिस्तान यांच्या सामन्यांविषयी थोडे सांगायला हवे. १९४७ पूर्वी दोन्हीकडचे खेळाडू एकाच संघातून खेळत. त्यामुळे दोन्ही संघांचा खेळ एकाच घराण्याचा होता. तीच छोट्या पासची पद्धत, तीच चेंडू खेळवण्याची कला. दोन्ही संघ एकमेकांना ओळखून होते, म्हणून त्यांच्यात गोल होणे फार कठीण होते. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत दोघांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. गोलांच्या सरासरीवर पाकिस्तानला सुवर्ण आणि भारताला रौप्यपदक मिळाले. शंकर लक्ष्मण यांनी पाकिस्तानला एकही गोल करू दिला नव्हता, तरी सुवर्ण हुकले.

मग १९६० चे रोम आले. भारताचे कप्तान लेस्ली क्लॉडियस होते. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियावर आणि उपांत्य फेरीत ब्रिटनवर भारताने १-० असा विजय मिळवला. ९ सप्टेंबरला अंतिम सामना होता. समोर पुन्हा पाकिस्तान होता. पहिल्याच अर्ध्या भागात पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी गोल केला. भारताने पुष्कळ धडपड केली, पण त्या गोलाची परतफेड झाली नाही. ०-१. बत्तीस वर्षांत भारत प्रथमच ऑलिंपिक हॉकीत हरला. पाकिस्तानात साहजिकच आनंदीआनंद झाला आणि तो त्यांनी आपल्या खेळाने मिळवला होता. भारतात घरोघरी, रेडिओभोवती बसलेली माणसे गप्प झाली.

त्या दिवशी भारताच्या पुढच्या फळीला एकही गोल करता आला नाही. तरीही लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो तो आत गेलेला चेंडू आणि त्यामागे वळून पाहणारा गोलरक्षक. मला तरी हा न्याय योग्य वाटत नाही. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेतही अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला २-० असे हरवले. शंकर लक्ष्मण यांच्याजवळ आता तीन रौप्यपदके झाली. दुसरा कोणी असता तर खेळ सोडून पलटणीत परत गेला असता.

येथे एक शब्द सांगतो. उर्दूत आपण ‘ज़िद’ म्हणतो, तेव्हा मनात हट्टी मूल येते. आई अशा मुलाला रागावते. हाच शब्द मराठीत ‘जिद्द’ झाला आणि त्याचा अर्थ पालटला. मराठीत जिद्द हा गुण आहे. हाती घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय मागे न हटणे, म्हणजे जिद्द. शंकर लक्ष्मण यांची पुढची दोन वर्षे पाहिली, की हा मराठी अर्थ नीट कळतो.

१९६४ चे ऑलिंपिक टोकियोला होते. जर्मनी आणि स्पेन यांच्याविरुद्ध भारताचे सामने १-१ असे बरोबरीत सुटले. तरी संघ पुढे सरकत राहिला आणि उपांत्य फेरीत त्याने ऑस्ट्रेलियाला ३-१ ने हरवले. २३ ऑक्टोबरला अंतिम सामना झाला. सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये तेच दोन संघ समोरासमोर आले. दुसऱ्या अर्ध्या भागात भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पृथिपालसिंग यांनी मारलेला चेंडू गोलासमोर पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाने अडला. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदर लाल यांनी त्यावर गोल केला. भारत १-० ने पुढे गेला.

आता उरलेला सगळा वेळ पाकिस्तान गोल फेडायला धावून येणार, हे उघड होते. तसेच झाले. मुनीर दार हे त्या काळी पेनल्टी कॉर्नरवर जोरदार फटका मारण्यासाठी प्रसिद्ध होते. पेनल्टी कॉर्नरला चेंडू गोलरेषेवरून बाहेर ढकलतात. वर्तुळाच्या कडेला एक जण तो थांबवतो आणि दुसरा सगळी ताकद लावून गोलावर मारतो. त्या काळी चेंडू हाताने थांबवण्याची परवानगी होती. त्यामुळे तो अगदी जागच्या जागी थांबे आणि फटका अचूक बसे. गोलरक्षकाला विचार करायला क्षणभरही मिळत नसे. असे फटके एकामागून एक आले आणि शंकर लक्ष्मण यांनी ते अडवले. कधी पॅडने, कधी बुटाने, कधी हाताने. सामना संपला तेव्हा भारताच्या नावावर तोच एक गोल होता आणि पाकिस्तानच्या नावावर काहीच नव्हते. हॉकीच्या एका परदेशी मासिकाने तेव्हा त्यांच्या खेळाचे मोठे कौतुक केले. हॉकीचा छोटा चेंडू या माणसाला फुटबॉलएवढा दिसत असावा, अशा अर्थाचे त्यात लिहिले होते. कोदरियाच्या फुटबॉलपटूला ते वाचून हसू आले असेल.

तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांचा हिशेब आता तुम्ही करा. मेलबर्नला एक गोल, रोमला एक, टोकियोला एक. तिन्ही सामने मिळून तीनच गोल झाले आणि त्यांतला भारतावर झालेला गोल फक्त एक. पदकाचा रंग दर वेळी एकाच गोलाने ठरला.

शंकर लक्ष्मण यांना १९६४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी त्यांना भारताचे कप्तान करण्यात आले. ही गोष्ट साधी नव्हती. कप्तानाने मैदानाच्या मध्यावर असावे, सगळ्यांना सूचना द्याव्यात, अशी समजूत होती. गोलरक्षक तर सर्वांत मागे उभा. आंतरराष्ट्रीय हॉकीत गोलरक्षकाला कप्तानपद मिळालेले ते पहिलेच उदाहरण मानले जाते. पण मागे उभा असतो त्यालाच सगळे मैदान एका नजरेत दिसते. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० ने हरवले. आशियाई स्पर्धेतील भारताचे हॉकीचे हे पहिले सुवर्णपदक. पुरुष संघाला असे दुसरे सुवर्ण मिळायला पुढे १९९८ साल उजाडावे लागले. तेव्हा कप्तान आपल्या पुण्याचे धनराज पिल्ले होते आणि गाव पुन्हा बँकॉकच होते.

१९६७ मध्ये शंकर लक्ष्मण यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला जो संघ गेला, त्यात ते नव्हते. भारताला तेथे कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्यांनी नोकरी मात्र सोडली नाही. १९७९ मध्ये ते कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. बँडमध्ये भरती झालेला मुलगा अधिकारी होऊन बाहेर पडला. मग ते महूला परतले.

आज परदेशातील नामांकित फुटबॉल क्लबांचे गोलरक्षक एका वर्षात कोट्यवधी रुपये मिळवतात. त्या काळच्या भारतीय हॉकीपटूंना खेळाचे असे पैसे मिळत नसत. सैनिकाचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन, हीच त्यांची कमाई. म्हातारपणी शंकर लक्ष्मण यांच्या एका पायाला गँगरीन झाले. या रोगात पायाला रक्त पोहोचत नाही आणि तो भाग सडू लागतो. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. त्यांचे मन तयार होईना. ते निसर्गोपचार करून पाहत राहिले. ज्या पायांनी त्यांनी आयुष्यभर चेंडू अडवले, त्यांतला एक कापून टाकायचा, हे त्यांना कसे पटणार? मेलबर्नच्या लेव्ह याशिन यांच्यावरही आजारपणात एक पाय गमावण्याची वेळ आली होती आणि १९९० मध्ये त्यांचे निधन झाले होते. शंकर लक्ष्मण यांच्या आजाराची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदाच कळले.

२९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते. लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.