समुद्रस्पंजांचे रसायन उलगडणारे वेर्नर बर्गमन

रक्ताच्या तीव्र कर्करोगावर आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या सायटाराबिन या औषधाचा उगम फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातील एका स्पंजापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या स्पंजातील रसायने प्रथम वेगळी करणारे वेर्नर बर्गमन मात्र औषधाच्या शोधात निघालेच नव्हते.

बर्गमन यांचा जन्म १९०४ मध्ये जर्मनीत झाला. गटिंगेन विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत आले आणि येल विद्यापीठात संशोधन करू लागले. कोलेस्टेरॉलच्या कुळातील स्टेरॉल हा त्यांचा अभ्यासविषय होता. स्पंजासारख्या अगदी साध्या रचनेच्या प्राण्यांत या पदार्थांचे विलक्षण वैविध्य त्यांना आढळले आणि समुद्री जीवांच्या रसायनाचा अभ्यास त्यांनी चिकाटीने पुढे नेला. त्या काळी या क्षेत्राकडे वळणारे रसायनशास्त्रज्ञ मोजकेच होते.

१९४५ मध्ये फ्लोरिडातील एलियट की बेटाजवळ त्यांनी काही स्पंज गोळा केले. त्यांतील एक जाती तोवर विज्ञानाला अज्ञात होती. १९४९ मध्ये तिचे क्रिप्टोटेथिया क्रिप्टा असे नामकरण झाले. तो स्पंज ॲसिटोनमध्ये उकळल्यावर अनपेक्षितपणे स्फटिक खाली बसले. ते स्टेरॉल नव्हते. त्यांत नायट्रोजन होता. सहकारी रॉबर्ट फीनी यांच्यासह त्यांनी या स्फटिकांचा छडा लावला आणि १९५० व १९५१ मध्ये स्पंजातील नवे न्यूक्लिओसाइड जगापुढे मांडले.

न्यूक्लिओसाइड म्हणजे आनुवंशिक द्रव्याच्या साखळीतील दुव्याचा गाभा. त्यात एक नायट्रोजनयुक्त घटक आणि एक शर्करा जोडलेली असते. डीएनएमध्ये ही शर्करा डीऑक्सिरायबोज, तर आरएनएमध्ये रायबोज असते. बर्गमन यांना सापडलेल्या स्पंजोथायमिडिन आणि स्पंजोयुरिडिन या दोन संयुगांत मात्र अरॅबिनोज होती. रायबोजहून तिचा फरक एवढाच, की एका कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलटी असते.

या छोट्या फरकाने इतर शास्त्रज्ञांना नवी दिशा दिली. पेशीने असा बनावट दुवा खरा समजून स्वीकारला, तर डीएनएची बांधणी खुंटते आणि वेगाने विभागणारी कर्करोगाची पेशी मरते. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अरॅबिनोज असलेले सायटाराबिन प्रयोगशाळेतच तयार करण्यात आले. हे औषध स्पंजातून काढलेले नव्हे. स्पंजाने केवळ रचनेची कल्पना पुरवली. हर्पिसच्या विषाणूंवर वापरले गेलेले व्हिडाराबिनही याच कुळातले.

पूर्वी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेली प्रौढ व्यक्ती बहुधा काही महिनेच जगत असे. सात दिवस सायटाराबिन आणि त्यांपैकी तीन दिवस डॉनोरुबिसिन, ही १९७३ मध्ये मांडलेली उपचारपद्धती रुजल्यावर अनेकांचा आजार आटोक्यात येऊ लागला, काही कायमचे बरेही झाले.

यांतले काहीच बर्गमन यांना पाहता आले नाही. सायटाराबिन प्रथम तयार झाले, त्याच १९५९ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली ती १९६९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.