नामदार गोखले

मुंबईच्या उपनगरातील अंधेरी येथे लोहमार्गावरून जाणारा एक मोठा पूल आहे. अंधेरीचे पूर्व व पश्चिम असे दोन्ही भाग तो जोडतो. या पुलास नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिलेले आहे. त्यावरून ये-जा करणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलावर या थोर पुरुषाचे केवढे ऋण आहे, हे त्यांच्या चरित्रावरून कळून येईल.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची होती. १८७९ साली, गोपाळ तेरा वर्षांचा असताना, पित्याचे छत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव हेही तेव्हा विद्यार्थीच होते. दोघांचे शिक्षण चालणे अशक्य झाले. तेव्हा गोविंदरावांनी आपली पुस्तके मिटून ठेवली आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. पुढे महाविद्यालयाचा खर्च भागेना, तेव्हा वहिनींनी आपले दागिने विकले. या त्यागाचे चीज करून गोपाळराव १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले.

द्रव्यार्जनाचे मार्ग मोकळे असतानाही त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांतून चालत असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापाशी त्यांनी देशाच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. आकडा तपासल्यावाचून लिहावयाचा नाही, ही शिस्त त्यांना गुरूकडून मिळाली.

या सत्यनिष्ठेची कठोर परीक्षा १८९७ साली झाली. एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगने कहर केला होता व रोग्यांच्या शोधासाठी गोरे सैनिक घराघरांत शिरत होते. त्यांच्या अत्याचारांची पत्रे पुण्याहून आली. गोखल्यांनी विश्वासाने तो मजकूर तेथील वृत्तपत्रास सांगितला. परत आल्यावर मात्र पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. पत्रलेखकांची नावे उघड करून त्यांना संकटात लोटणे गोखल्यांना मान्य नव्हते. त्यांनी सारा दोष स्वतःवर घेतला आणि जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनीही त्यांची निर्भर्त्सना केली. ती त्यांनी निमूटपणे सोसली व प्लेगग्रस्तांच्या सेवेस वाहून घेतले.

पुढे ते प्रथम मुंबईच्या व नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले. १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले की, खजिन्यातील शिल्लक ही समृद्धीची खूण नसून गरिबांवरील जादा कराचे फळ आहे. मिठावरील कराविरुद्ध ते सतत झगडले. हा कर मणामागे अडीच रुपये होता; १९०३ ते १९०७ या काळात तो टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारस येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले.

तथापि, त्यांच्या मनीची सर्वांत मोठी आस शिक्षणाची होती. त्या काळी देशात शंभरांत सहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. बडोदे संस्थानात मात्र महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. जे एका संस्थानास साधले, ते साम्राज्यास का साधू नये? मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्थानिक संस्थांनी सक्ती करावी आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी ही माफक योजना होती. तिच्यासाठी त्यांनी देशभर लोकमत जागृत केले. परंतु सरकार प्रतिकूल होते. काही एतद्देशीय सभासदही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पराभव होणार, हे गोखले जाणून होते. तरीही त्यांनी शेवटपर्यंत युक्तिवाद केला. कारण आज पेरलेले बीज पुढील पिढीच्या कामी येईल, असा त्यांचा विश्वास होता.

त्याच वर्षी प्रकृती ढासळलेली असतानाही तेथील हिंदी लोकांची दुःखे पाहण्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर तीव्र मतभेद होते, त्या लोकमान्य टिळकांनीच स्मशानभूमीत त्यांचा गौरव केला.

गोखल्यांचे बीज वाया गेले नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारताने २००२ साली घटनादुरुस्ती करून शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा अमलात आला. विधेयक फेटाळले गेले, त्या दिवसापासून मोजले तर अठ्ठ्याण्णव वर्षे लोटली होती. धाकट्याने शिकावे म्हणून कोणाही गोविंदाला आपली पुस्तके मिटून ठेवावी लागू नयेत, हाच या कायद्याचा अर्थ आहे.