दुर्बिणीतल्या दोन रेघा आणि जेम्स वॅट

मित्रांनो, जेम्स वॅट म्हटलं की आपल्याला आठवते ती चहाची किटली आणि तिचं उडणारं झाकण. पण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला भर उन्हात स्टाफ धरून उभं राहिलेल्या प्रत्येकाचं वॅटशी आणखी एक नातं आहे.

वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरगावी झाला. तब्येत लहानपणापासून तोळामासा. लंडनला वर्षभर उपकरणं बनवायला शिकून तो परत आला, पण सात वर्षांची उमेदवारी केलेली नाही म्हणून ग्लासगोच्या कारागीर संघाने त्याला दुकान टाकू दिलं नाही. शेवटी १७५७ मध्ये तिथल्या विद्यापीठाने आवारातच जागा दिली. पुढे न्यूकोमेनच्या इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं आणि १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली.

कल्पना सुचली, पण इंजिन काही होईना! सिलिंडर इतके ओबडधोबड की पिस्टनच्या कडेने वाफ गळायची. कर्ज वाढत चाललं, घरी बायको-मुलं. मग पोटासाठी वॅटने कालव्यांच्या सर्व्हेची कामं धरली.

डोंगर आणि खाड्यांच्या मुलखात साखळी ओढत अंतर मोजणं म्हणजे दिव्यच. वॅटने काय केलं, तर दुर्बिणीच्या आत दोन आडवे समांतर तंतू बसवले. दूर उभ्या माणसाच्या हातात खुणा केलेली काठी. दोन रेघांमध्ये काठीची किती लांबी मावते ते बघायचं. अंतर दुप्पट तर लांबीही दुप्पट. १७७१ मध्ये टार्बर्ट आणि क्रिनन कालव्यांच्या सर्व्हेत त्याने हे उपकरण वापरलं. आपली स्टेडिया पद्धत ती हीच.

शिकारीच्या रायफलवरच्या दुर्बिणीतही हेच तत्त्व असतं. तिथे रेघेवर 'मिल'च्या खुणा असतात. १००० मीटरवर १ मिल म्हणजे १ मीटर. खांद्यापर्यंत ९० सेंटिमीटर उंच हरीण ३ मिल व्यापत असेल, तर ते ३०० मीटरवर आहे. पण इथे काठी म्हणजे ते जनावरच! ते खरं ७५ सेंटिमीटरचंच निघालं तर अंतर २५० मीटर, आणि गोळी पाठीवरून निघून जाणार. वॅटच्या काठीची लांबी मात्र पक्की होती. गणित तेच, पण भरवसा मापाचा.

१७७३ साल वॅटसाठी फार वाईट गेलं. त्याचा भागीदार रोबक याचं दिवाळं निघालं. वॅट उत्तरेकडे कॅलेडोनियन कालव्याचा सर्व्हे करत असताना इकडे त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणात वारली. शेवटची भेटही झाली नाही.

१७७४ मध्ये तो बर्मिंगहॅमला बोल्टनकडे गेला. विल्किन्सनच्या नव्या बोरिंग यंत्राने सिलिंडर अचूक होऊ लागले आणि १७७६ मध्ये वॅटची पहिली इंजिनं कामाला लागली. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला, तेव्हा त्याचं नाव जगभर झालेलं होतं.

सर्व्हेची ती सात-आठ वर्षं वॅटला स्वतःला वाया गेल्यासारखीच वाटली असतील. पण अडचणीत पोटासाठी धरलेलं कामही त्याने मन लावून केलं, म्हणून त्यातूनही एक उपकरण जन्माला आलं. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी स्टाफ धरून हात भरून आले, की वॅटची आठवण काढा आणि स्टाफ तेवढा सरळ धरा!