रहीमसाहेब : फुटबॉलच्या मैदानावरील शिक्षक

दिल्लीत इंडिया गेटच्या पूर्वेस जे भव्य क्रीडांगण आहे ते आज मेजर ध्यानचंद यांच्या नावाने व हॉकीसाठी ओळखले जाते. ब्रिटिश अमदानीत त्याचे नाव आयर्विन अँफिथिएटर असे होते व 1951 साली पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी ते नॅशनल स्टेडियम झाले. याच मैदानावर 10 मार्च 1951 रोजी भारताच्या फुटबॉल संघाने इराणचा एक शून्य असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. गोल साहू मेवालाल यांनी केला आणि कर्णधार होते शैलेन मन्ना. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झालेली नव्हती, त्यामुळे त्या पदकाचा आनंद केवळ खेळाचा नव्हता. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत.

मैदानाच्या कडेला त्या दिवशी हैदराबादचे एक शाळामास्तर उभे होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. मेवालाल आणि मन्ना यांची नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळकपणे झळकली; त्या मानाने शिक्षकाकडे कोण लक्ष देतो? परंतु पुढील बारा वर्षे भारतीय फुटबॉलला जे वैभव लाभले त्याचा मोठा भाग या गृहस्थाच्या पदरी घालावा लागतो. त्यांच्या चरित्रात जो प्रश्न आम्हांस विशेष मोलाचा वाटतो तो असा : होतकरू पण अडखळणाऱ्या तरुणाला एखादा अनुभवी शिक्षक खरोखर घडवू शकतो काय? की गुण मुळातच असावे लागतात आणि शिक्षक फक्त श्रेय घेतो?

रहीमसाहेबांचा जन्म 1909 साली हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळत. पुढे त्यांनी शिक्षकी पत्करली आणि काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत मुलांना शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी घेतली होती. 1943 साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस झाले व मरेपर्यंत त्या पदावर राहिले. वर्गातला मास्तर आणि मैदानावरचा मास्तर असे दोन निराळे रहीम नव्हतेच. मुलाला काय येत नाही हे आधी पाहावे, मग त्याच ठिकाणी त्याच्याकडून काम करून घ्यावे, ही शाळेतली रीत त्यांनी जशीच्या तशी मैदानावर आणली.

तिचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. आपल्याकडे त्या काळी बहुतेक खेळाडू एकाच पायाने खेळत. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे आलेला चेंडू मारण्यासाठी संपूर्ण शरीर वळवी आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी येऊन पोहोचे. रहीमसाहेबांनी हैदराबादेत असे सामने भरवले की ज्यांत खेळाडूने दुबळ्या पायानेच चेंडू मारावा. दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई असे. चेंडू मिळाला की तो तत्काळ सहकाऱ्याकडे धाडायचा. आपल्या लोकांना एकट्याने चार जणांना चकवत नेण्याची मोठी हौस, आणि प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. त्या टाळ्यांवर पोसलेल्या मुलांना हे नियम किती जाचक वाटले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. परंतु त्यांतूनच एक संपूर्ण पिढी दोन्ही पायांनी आणि सहकाऱ्यावर भरवसा ठेवून खेळू लागली.

1950 साली ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे शिक्षक झाले आणि या पद्धतीचे फळ साऱ्या देशाने पाहिले. मुंबईतील कूपरेज मैदान परिचित असलेल्या वाचकांना रोव्हर्स चषकाचे महत्त्व सांगायला नको. तो चषक या पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला. दिल्लीच्या ड्युरँड चषकातही 1950 साली त्यांनी मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला नमवले. कलकत्त्याबाहेर फुटबॉल नाही असे मानणाऱ्यांना हा मोठा धक्का होता. भारतीय संघाची जबाबदारी रहीमसाहेबांवर आली ती याच सुमारास, आणि पाठोपाठ आरंभी सांगितलेला दिल्लीचा विजय झाला.

विजयानंतर वर्षभरातच कसोटी आली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. आमच्या खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते आणि मैदानावरची थंडी व ओल त्यांना मानवली नाही, हे खरेच. पण खेळाची रचनाच जुनी पडली होती हे त्याहून मोठे कारण होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. रचनेकडे मात्र रहीमसाहेबांनी स्वतः लक्ष दिले. हंगेरीच्या संघाने 1953 साली इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर सहा विरुद्ध तीन असे हरवले होते. पुढे उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड मागे खेचून घ्यायचा व त्यामुळे शत्रूच्या बचावाला कोणाला अडवावे तेच कळू नये, ही त्यांची युक्ती जगभर गाजली. हजारो मैलांवरील एका शाळामास्तरानेही ती अभ्यासली आणि आपल्या मुलांच्या मगदुराप्रमाणे वापरली.

1956 साली मेलबर्नला जो संघ गेला त्याने ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. आजतागायत भारताची ऑलिंपिक फुटबॉलमधील तीच सर्वोत्तम कामगिरी आहे. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण चार विरुद्ध दोन असे हरवले, आणि त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. नेव्हिल मूळचे गोव्याचे, मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. आपल्या समाजातल्या तरुणांना हे नाव आज ठाऊक नसावे याची खंत वाटते.

त्याच संघात वीस वर्षांचा एक मुलगा होता, तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील एका अतिशय गरीब तमिळ घरातला. घरची परिस्थिती अशी की रोज सरावाला हैदराबादपर्यंत जाण्यायेण्याचा खर्चही झेपणारा नव्हता. मुलाच्या अंगी गुण आहेत, पण तो येणार कसा, या अडचणीवर रहीमसाहेबांनी मार्ग काढला आणि येण्याजाण्याची सोय स्वतः करून दिली. वरवर पाहता ही लहान बाब. पण आपल्या देशात किती खेळाडू आणि किती विद्यार्थी केवळ एवढ्याशा रकमेअभावी हरवतात! पुढे चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही त्रयी भारतीय फुटबॉलचा मानबिंदू ठरली. चुनी आणि पी. के. यांना रहीमसाहेब भेटले नसते तरी ते नावारूपाला आले असते, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. बलरामविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सशी बरोबरी केली, हंगेरीकडून एका गोलाने हार पत्करली आणि पेरूकडूनही आपण हरलो. त्या संघात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. पण बापाने मुलाला एकाही सामन्यात उतरवले नाही. इतरांच्या मुलांसाठी धडपडणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलाला कडेला बसवून ठेवावे यातला करडेपणा काहींना खटकेल. आम्हांला त्यात त्यांची सचोटी दिसते. घरात मात्र तो निर्णय सोपा गेला नसेल.

आता त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षाकडे वळू. 1962 साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धा भरल्या. तोवर रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन शून्य असे हरवले. थायलंडविरुद्ध चार एक असा विजय मिळाला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोक्याला मार लागून जायबंदी झाला आणि सहा टाके पडले. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही. उंच गोलरक्षक पीटर थंगराज तापाने अंथरुणावर. मैदानाबाहेरचे वातावरणही तापलेले होते, कारण इस्राएल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल गुरुदत्त सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्यांनी यजमान इंडोनेशियाला दोष दिला होता. त्यामुळे भारतीय खेळाडू दिसले की लोक हुर्यो उडवत.

अशा वेळी सामान्य शिक्षक काय करील? जखमी खेळाडूला विश्रांती देईल आणि उरलेल्यांना धीर देईल. रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगला उपान्त्य सामन्यात परत आणले, पण त्याच्या नेहमीच्या जागी नव्हे. टाके पडलेले डोके घेऊन बचावात उभे राहणे धोक्याचे. म्हणून त्याला थेट पुढे सेंटर फॉरवर्ड म्हणून उभे केले. जर्नेल पूर्वी त्या जागी खेळलेला होता, ही गोष्ट शिक्षकाच्या लक्षात होती. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि भारत तीन दोन असा जिंकला.

अंतिम सामना 4 सप्टेंबर रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मन यांनी गोल चांगला राखला होता, तरी रहीमसाहेबांनी नुकत्याच तापातून उठलेल्या थंगराजला निवडले. उंचावरून येणाऱ्या चेंडूंसाठी त्याची उंची आणि अनुभव हवा होता. थंगराजचा इतिहासही येथे सांगण्याजोगा आहे. हैदराबादेत जन्मलेला हा ख्रिस्ती तरुण सैन्यात मद्रास रेजिमेंटमध्ये आरंभी पुढच्या फळीत खेळत असे आणि नंतर गोलरक्षक झाला. म्हणजे त्या दिवशी मागचा माणूस पुढे गेला होता, आणि एकेकाळचा पुढचा माणूस गोल राखीत होता.

लाखभर प्रेक्षक विरोधात ओरडत होते. भारताच्या बाजूने ओरडणाऱ्या मोजक्या मंडळींत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, असे आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाने अखेरच्या मिनिटांत एक गोल फेडला, पण थंगराजने पुढचे होऊ दिले नाहीत. भारत दोन एक असा जिंकला. त्या संघात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे सर्व होते. गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको मध्यफळीत खेळले. आपण कोणत्या धर्माचे वा प्रांताचे याची चर्चा त्या संघात झाल्याचे कोणा खेळाडूच्या आठवणीत नाही, आणि यातही शिक्षकाचा वाटा आहेच.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते, रहीमसाहेबांनी कोणाला गुण दिले नाहीत. दुबळा पाय चालता करणे, सरावाला येण्याची वाट मोकळी करणे, जायबंदी माणसाला त्याच्या दुखण्याला सोसेल अशी जागा शोधून देणे, एवढेच त्यांनी केले. परंतु या गोष्टी करण्यासाठी प्रत्येक खेळाडू वर्षानुवर्षे बारकाईने पाहिलेला असावा लागतो, आणि तेवढी सवड बहुतेकांना नसते. त्यांच्या पद्धतीचा एक दोषही सांगितला पाहिजे. ती सारी त्यांच्या डोक्यात होती. ती इतरांनी गिरवावी अशी व्यवस्था ना त्यांनी केली, ना फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी.

11 जून 1963 रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. ते त्रेपन्न वर्षांचे होते. 1970 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत भारताने कांस्यपदक मिळवले, तेव्हा संघाचे शिक्षक होते जी. एम. एच. बाशा आणि रहीमसाहेबांचेच शिष्य पी. के. बॅनर्जी. त्यानंतर या स्पर्धांत भारताला फुटबॉलचे पदक मिळालेले नाही. पी. के. व चुनी 2020 साली गेले, फ्रँको आणि हकीम 2021 साली, आणि बलराम फेब्रुवारी 2023 मध्ये. पुढच्याच वर्षी रहीमसाहेबांच्या आयुष्यावर हिंदीत चित्रपट आला, आणि एकसष्ट वर्षांपूर्वी वारलेल्या त्या शाळामास्तरांचे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले.