विश्लेषण : बारीक फट, मृगाचा तेजोमेघ आणि पुण्याचे कावसजी नायगामवाला

मृग नक्षत्रातील तेजोमेघ नेमका कशाचा बनला आहे, या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील दोन बड्या खगोलशास्त्रज्ञांत जुंपली होती. या वादात १८९१ मध्ये पुण्यातील एका प्राध्यापकाने आपले निरीक्षण मांडले. ज्या शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते, नेमके त्याच्याच विरोधात ते गेले. त्या प्राध्यापकाचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

पुण्यात वेधशाळा कशी आली?

नायगामवालांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते भौतिकशास्त्राच्या अध्यापनात आले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी दिलेली देणगी आणि सरकारी मदत यांतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिला महाराजांचेच नाव मिळाले. तिची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. तारे मोजणे किंवा पंचांगाला आकडे पुरवणे हे या वेधशाळेचे काम नव्हते. प्रकाशाचे घटक वेगळे करून पाहायचे, हा तिचा हेतू होता.

फटीचे काम काय?

वर्णपटदर्शकाच्या तोंडाशी एक बारीक फट असते. आतल्या लोलकाने किंवा ग्रेटिंगने रंग वेगळे केले, की प्रत्येक रंगाची एक रेषा दिसते. खरे तर ती रेषा म्हणजे त्या फटीचीच प्रतिमा. फट रुंद ठेवली तर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून ती अरुंद करावी, तर आधीच मंद असलेला तेजोमेघाचा प्रकाश आणखी कमी होतो. त्यातच प्रकाश लहरींचा असल्याने अरुंद फटीतून बाहेर पडताना तो दोन्ही बाजूंना पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. फट निम्मी केली की पसारा साधारण दुप्पट होतो. हे घरीही पाहता येते. दोन बोटे जवळजवळ चिकटवून त्यांमधल्या चिरेतून दिव्याकडे पाहिले, की उजेडात बारीक काळ्या रेघा दिसतात.

अशा फटी हजारोंनी, अगदी समान अंतरावर शेजारी शेजारी ठेवल्या, की ग्रेटिंग तयार होते. प्रत्येक फटीतून पसरलेल्या लहरी काही ठरावीक दिशांनाच एकमेकींना बळ देतात आणि ती दिशा रंगागणिक बदलते. जुनी सीडी उजेडात तिरकी धरली की दिसणारे रंग याच कारणाने दिसतात. तिच्यावर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ ओळी असतात.

वाद कशावरून होता?

तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड होती. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, हा त्यांचा सिद्धांत होता आणि मॅग्नेशियम त्याला सोयीचे होते. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हते. दोन्ही स्थानांतला फरक एका अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाहून लहान होता! अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स किलर यांनी ३६ इंची दुर्बिणीला ग्रेटिंग लावून ही मोजणी केली आणि कौल हगिन्स यांच्या बाजूने पडला.

पुण्यातून नायगामवालांनी तपासले ते रेषेचे रूप. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला धारदार असतो आणि दुसऱ्या कडेला हळूहळू विरत जातो. तेजोमेघाची रेषा तशी विरत नव्हती. ती दोन्ही बाजूंनी सुस्पष्ट होती. हा निष्कर्ष १८९१ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लॉकियर यांचा दबदबा पाहता, वसाहतीतल्या एका प्राध्यापकाने हे लिहिणे सोपे नव्हते. आपल्याकडे त्यांच्या दुर्बिणीच्या आकाराचीच चर्चा अधिक होते, पण मोठेपण या कामात जास्त आहे.

ती रेषा कशाची, हे कळायला मात्र १९२७ उजाडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे, हे आयरा बोवेन यांनी दाखवले. तोवर नेब्युलियम नावाचे एक काल्पनिक मूलद्रव्य त्यासाठी गृहीत धरले जात होते.

जेऊरचे ग्रहण

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून दिसले. नायगामवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ ठोकला. लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. लॉकियर स्वतः विजयदुर्गावर होते. (त्यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. पण हेलियमची रेषा १८६८ ची आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते.) ग्रहणात फटीची अडचण निसर्गच सोडवतो. सूर्य झाकला जाताना उरणारी प्रकाशाची नाजूक कोरच फटीचे काम करते आणि वर्णपटात सरळ रेषांऐवजी कमानी उमटतात. हाताशी वेळ असतो जेमतेम दोन मिनिटांचा. नायगामवालांचा या मोहिमेवरील सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

वेधशाळेचे पुढे काय झाले?

एवढी साधने असूनही वेधशाळा अखेरपर्यंत एका माणसाच्याच जिवावर चालली. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळेला टाळे लागले. दुर्बीण व इतर उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेकडे रवाना झाली. नायगामवाला त्यानंतर आणखी २६ वर्षे जगले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.